अस्वलांच्या जंगलात सॅक घेऊन: ठाण्याच्या ग्रुपसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा आणि दिवाळीच्या मधे आपला ग्रुप हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये चालला आहे. मुक्काम तंबूत आणि वनखात्याच्या झोपड्यांत. ट्रेक ठरल्यापासून बुटांबद्दल विचारणारे दोघंतिघं, बाकी सगळे अस्वलाबद्दल. तेच तेच उत्तर प्रत्येकाला फोनवर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं आहे. घरच्यांनाही वाचायला द्या, निम्मे प्रश्न त्यांचेच आहेत.

तिथे खरंच अस्वलं आहेत, की उगाच घाबरवताय?

आहेत. हे उद्यान कुलू जिल्ह्यात आहे आणि २०१४ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. क्षेत्रफळ सुमारे ९०५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवली-येऊरच्या संजय गांधी उद्यानाच्या जवळजवळ नऊपट. खालच्या ओक, अक्रोड आणि देवदारांच्या रानात हिमालयीन काळं अस्वल राहतं. झाडं संपतात त्याच्या वरच्या कुरणांमध्ये तपकिरी अस्वल असतं, पण ते फार थोडं उरलं आहे आणि आपल्या वाटेवर भेटण्याची शक्यता नाहीच म्हणा.

काळं अस्वलसुद्धा बहुतेक ट्रेकर्सना दिसत नाही. त्याच्या खुणा मात्र दिसतात. ओकच्या झाडावर उंच कुठेतरी मोडक्या फांद्यांचा विस्कटलेला गठ्ठा दिसला, तर ते घारीचं घरटं समजू नका. अस्वल वर बेचक्यात बसून फांद्या स्वतःकडे ओढतं, मोडतं, फळं खातं आणि रिकामी फांदी बुडाखाली सारतं. पानं अजून हिरवी असली तर जेवण ताजं आहे. वाटेवर कवचांचे तुकडे आणि बिया मिसळलेली मोठी विष्ठा दिसली, तर थांबून सगळ्यांनी एकत्र यायचं आणि मोठ्याने बोलत पुढे निघायचं. फोटो काढायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी मागे एकट्याने रेंगाळायचं नाही.

दरवेशी आणायचा तेच का हे अस्वल?

नाही. चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल, दरवेशी दारात अस्वल आणायचा आणि ताईतात घालायला त्याचा केस विकायचा. ते आपल्याकडचं अस्वल. लांब झिपऱ्या केसांचं, पांढुरक्या लांब नख्यांचं, वारुळं फोडून वाळवी खाणारं. ते मेळघाटात आहे, ताडोबात आहे, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आहे, कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही आहे. हिमालयातलं काळं अस्वल वेगळ्या जातीचं. अंगावरचे केस आखूड, कान मोठे आणि गोल, छातीवर पिवळसर पांढरा इंग्रजी व्ही. दोन्ही जातींना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

येऊरला आहेत का?

नाहीत. तिथे बिबटे आहेत.

मग दुसरा कुठला महिना का नाही निवडला?

जुलै-ऑगस्टमध्ये त्या डोंगरांत जाण्यात अर्थ नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीने कुलू-मनालीचा महामार्ग किती ठिकाणी उचलून नेला ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे. मे-जूनमध्ये उन्हाळी सुट्टीची गर्दी, आणि पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्याही तेव्हा असतातच. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ, नद्यांना पाणी कमी.

पण हेही सांगायला हवं की शरद ऋतूत अस्वल सर्वात जास्त खातं. थंडीत अन्न मिळणार नाही म्हणून अंगावर चरबी चढवायची असते, त्यामुळे ते दिवसाचे बरेच तास अन्नाच्या मागे असतं. रानात ओकची फळं आणि अक्रोड, गावाजवळ मका आणि सफरचंद. हिमाचल-काश्मीरमध्ये अस्वलाने जखमी केलेल्यांत ट्रेकर क्वचित असतात. बहुतेक माणसं गावातली, शेताच्या बांधावर, बागेत किंवा गवत-लाकूड आणायला गेलेली. म्हणून माझ्या मते आपल्या ट्रेकमधला सर्वात जपून चालायचा भाग घनदाट जंगलातला नाही, तर जिथून चालायला सुरुवात करणार त्या गुशैनी गावाच्या आसपासचा, मक्याच्या शेतांजवळून जाणारा आहे. तिथे पहाटे आणि दिवेलागणीनंतर पायी हिंडायचं नाही. चहा प्यायलासुद्धा.

चालताना काय पाळायचं?

एकत्र राहायचं. वाचायला सोपं आहे, पण आपल्या ग्रुपला हेच सर्वात जड जाणार आहे, कारण आपल्यात तिघं असे आहेत जे "मी पुढे जाऊन थांबतो" म्हणतात आणि एकदम मुक्कामावरच भेटतात. माहुलीला ते खपतं. इथे नाही. पुढे लीड, मागे बॅकलीड आणि मधल्या प्रत्येकाला पुढचा-मागचा माणूस दिसला पाहिजे. वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा. ज्याला हा वेग सहन होत नाही त्याने त्या हळू माणसाच्या सॅकमधलं दोन किलो सामान स्वतःच्या सॅकमध्ये घ्यावं, वेग आपोआप जुळतो.

दुसरं, बोलत राहायचं. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते स्वतःच निघून जातं. गडबड होते ती दोघं अचानक एकमेकांसमोर आली की. तीर्थन नदीचा खळाळ मोठा आहे, नदीकाठच्या वाटेवर तुमचा आवाज दहा पावलांवरही पोचत नाही. वळणावर, बांबूच्या दाट बेटात आणि समोरून वारा येत असताना मुद्दाम ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या. भजन म्हणा, गाण्याच्या भेंड्या खेळा, ऑफिसातल्या साहेबाला नावं ठेवा. मात्र कानात इअरफोन कोणाच्याही नको.

मग ब्लूटूथ स्पीकरच आणू का?

नको. स्पीकरने तुमचा आवाज अस्वलाला ऐकू जाईल, पण अस्वलाचा तुम्हाला जाणार नाही. शिवाय पक्षी बघायला आलेले लोक तिथे जुजुराणा नावाचा पक्षी दिसावा म्हणून तासन्‌तास गप्प बसलेले असतात. त्यांच्या शिव्या खायची माझी इच्छा नाही.

काठीला घुंगरू, फटाके, बेअर स्प्रे यातलं काय आणायचं?

घुंगरांचा आवाज फार लांब जात नाही, माणसाचा आवाज बरा. राष्ट्रीय उद्यानात फटाके हा विषयच नाही, दिवाळी घरी आल्यावर.

बेअर स्प्रे म्हणजे मिरचीच्या अर्काचा जोरदार फवारा. अमेरिका-कॅनडात तो सर्रास वापरतात. पण तो विमानात हँडबॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, त्यामुळे "माझा भाऊ ह्यूस्टनहून येतोय, आणेल" हे विसरा. आपल्याकडे पर्समध्ये ठेवतात तो छोटा पेपर स्प्रे अस्वलासाठी बनलेला नाही. त्याच्या जिवावर अस्वलाच्या जवळ जायचं धाडस येत असेल, तर तो घरीच राहिलेला चांगला.

समोर आलंच तर?

आधी अंतर बघा. लांब असेल आणि त्याने तुम्हाला पाहिलं नसेल, तर आवाज न करता आलात त्याच वाटेने मागे फिरा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलापासून किमान ९० मीटर राहायचा नियम आहे. ठाणे स्टेशनच्या फलाटाची निम्मी लांबीसुद्धा त्याहून जास्त भरेल, यावरून मोबाइलने चांगला फोटो का येणार नाही हे कळेल.

त्याने तुम्हाला पाहिलं असेल तर पळू नका. अस्वल थोराड दिसतं, पण उतारावर असो की चढावर, माणसाला सहज गाठतं. सगळे एका जागी खांद्याला खांदा लावून उभे राहा, शांत खालच्या आवाजात बोला, नजर रोखून बघू नका आणि त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर तो हल्ला नव्हे. ते वास घेतंय, काय समोर आहे ते बघतंय. कधी कधी अंगावर धावून येतं आणि मधेच थांबून वळतं. त्या क्षणी जागेवर उभं राहणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे, पण करायचं तेच आहे.

पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं धरून चाला आणि पिल्लू व आईच्या मधे येऊ नका.

आणि खरोखरच अंगावर आलं, तर पालथे पडा. सॅक पाठीवरच राहू द्या. दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी चेहरा झाका, पाय थोडे फाकवा म्हणजे ते उलथवू शकणार नाही. काळं अस्वल बहुतेकदा चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करतं, म्हणून जपायचं ते तोंड आणि मान. जपानमध्ये याच जातीचं अस्वल आहे. २०२३-२४ या वर्षात तिथे अस्वलांच्या हल्ल्यांत दोनशेहून जास्त माणसं सापडली. तिथेही लोकांना हेच शिकवतात: पालथे पडा, मान आणि डोकं झाका. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

म्हणजे दोन मित्रांच्या गोष्टीसारखं मेल्याचं सोंग?

अर्धवट. त्या गोष्टीतला मित्र उताणा की पालथा हे कोणी सांगत नाही, आणि जीव वाचतो की जातो ते बरंचसं तिथेच ठरतं. शिवाय अस्वल अजून लांब उभं असताना आडवं पडायचं नसतं. ते शेवटचं. दुसरा मित्र झाडावर चढून वाचतो ही त्या गोष्टीतली खरी थाप आहे. काळं अस्वल झाडावर तुमच्यापेक्षा कितीतरी सफाईने चढतं. त्याचं जेवण तिथेच असतं.

अस्वल गुदगुल्या करून मारतं म्हणतात...

माझी आजीही म्हणायची. नाही मारत. नख्यांनी फाडतं.

खाऊ काय काय आणू?

आता मुद्द्यावर आलो. अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं, आणि ठाण्याहून निघालेल्या माणसाच्या सॅकमध्ये त्या नाकाला मेजवानी असते. बेसनाचे लाडू, भाजणीची चकली, लसणाची चटणी, तिळगुळाच्या वड्या. मागच्या आठवड्यात एकाने "जवळ्याची चटणी आणली तर?" असं विचारलं. भात-वरणाबरोबर ती किती छान लागेल याची कल्पना असूनही उत्तर नाही असंच आहे. सुकट, बोंबील, जवळा, काहीही नको. गाडीत खा आणि संपवा.

बाकी खाऊ आणा, पण या पद्धतीने. प्रत्येकाचा रोजचा खाऊ दोन झिप पिशव्यांत, एकात एक. त्या सगळ्या ग्रुपच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. मुक्कामाला पोचलो की पहिलं काम म्हणजे सॅकच्या बाजूच्या कप्प्यातल्या चिक्क्या, खिशातली चॉकलेटं, लिमलेटच्या गोळ्या सगळं बाहेर काढून त्या डब्यात टाकायचं. परदेशात मिळतो तसा अस्वलाला न उघडणारा खास डबा आपल्याकडे सहज मिळत नाही आणि त्याचं रिकामं वजनच किलोभराच्या वर असतं, म्हणून आपण झोपडी असेल तिथे डबा आत कडी लावून ठेवणार आणि तंबू असेल तिथे दोरीने टांगणार. टांगायचं म्हणजे जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब, बारीक आडव्या फांदीला. खोडाला बांधलेली पिशवी म्हणजे अस्वलाला वाढलेलं ताट. जागा उजेड असतानाच शोधायची, कारण अंधारात दगड बांधलेली दोरी फेकताना हमखास कोणाच्या तरी डोक्यात बसते.

चूल तंबूपासून सत्तर-शंभर पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. भांडी लगेच घासायची. खरकटं झुडपात फेकायचं नाही, गाळून पिशवीत भरून परत आणायचं. फोडणीच्या वासाचा टी-शर्ट घालून झोपायचं नाही, तो डब्याबरोबर टांगायचा. टूथपेस्ट, ओडोमॉस, कोल्ड क्रीम, खोबरेल तेल, वासाच्या गोळ्या या सगळ्याला अन्नाचाच नियम. तंबूत फक्त माणूस, स्लीपिंग बॅग, पाण्याची बाटली आणि टॉर्च.

हे पाळलं नाही तर नुकसान फक्त आपलं नाही. एकदा तंबूत लाडू मिळतात हे अस्वलाला कळलं की ते पुढच्या ग्रुपच्या तंबूतही जातं, मग गावात जातं, आणि शेवटी त्याच्यामागे माणसं लागतात.

रात्री लघवीला जायचं असेल तर?

दोघांनी. जोडीदार झोपायच्या आधीच ठरवून ठेवा, रात्री दोन वाजता लाजत बसू नका. हेडटॉर्च लावा, बोलत जा, चुलीच्या दिशेला जाऊ नका.

पाळीच्या दिवसांत आलं तर धोका वाढतो का?

हा प्रश्न ग्रुपवर न टाकता तिघींनी मला वेगळा विचारला, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. अमेरिकेत काळ्या आणि ग्रिझली अस्वलांबद्दल हे तपासून पाहिलं आहे. पाळीच्या वासाने ती ओढली जातात असा पुरावा मिळालेला नाही. ट्रेक रद्द करायची काही गरज नाही. वापरलेले पॅड पुरायचे नाहीत, दुहेरी झिप पिशवीत घालून अन्नाच्या डब्याबरोबर ठेवायचे आणि खाली आणायचे. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची असेल तर ते डॉक्टरांशी बोलून, माझ्याशी नाही.

संध्याकाळी "बसायचं" का?

नाही. उंचीवर दारू डोक्यात वेगळी चढते. आणि ग्रुपमधला एक जरी झिंगलेला असला तरी रात्री डबा टांगायचा राहतो.

गावातला कुत्रा मागे आला तर बरंच ना?

उलट. कुत्रा पुढे पळतो, अस्वलावर भुंकतो, मार बसायची वेळ आली की तुमच्याकडे धावत येतो आणि त्याच्यामागे अस्वलही. बिस्किट घालू नका, म्हणजे मागे येणार नाही.

तयारी कुठे करू?

आठवड्यातून दोनदा येऊरच्या चढावर, नवी मुंबईकरांनी खारघरच्या टेकडीवर. निघण्याआधी निदान एकदा माहुली, पूर्ण भरलेल्या सॅकसह. माहुली समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास आहे. आपला रोल्लाचा मुक्काम सुमारे २१०० मीटरवर आणि शिल्टचा सुमारे ३००० मीटरवर, म्हणजे श्वासाची सवय इथे होणार नाही, पण गुडघ्यांची होईल. वर डोकं दुखलं, मळमळलं, तर लपवू नका. औषध घ्यायचं की नाही ते आधीच डॉक्टरांना विचारून या. आणि दुखणं वाढत असेल तर खाली उतरायचं, "उद्या बघू" नाही.

पोचायचं कसं?

कल्याणहून राजधानी किंवा पंजाब मेलने दिल्ली. काश्मिरी गेटहून संध्याकाळची कुलू-मनालीची बस. सकाळी औटला उतरायचं, जवळजवळ तीन किलोमीटरच्या बोगद्याच्या अलीकडे. झोप लागली तर डोळे उघडतील ते कुलूत, म्हणून कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. औटहून बंजारच्या रस्त्याने जीप करून गुशैनी. पुढे पाय.

गॅसचे छोटे सिलिंडर ट्रेनमध्येही नेता येत नाहीत आणि विमानातही. इंधन तिकडे स्थानिक गाइड आणणार आहेत. उद्यानाचा परवाना ग्रुपचा एकत्र निघेल, ओळखपत्राची प्रत वेळेत पाठवा.

रेंज असेल का? माझ्याकडे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र आहे.

गुशैनी सोडल्यावर रेंज धरू नका. आणि ते यंत्र आणू नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर लोकांना अटकही झाली आहे. आपली यंत्रणा जुनीच: दोन माणसांनी धावत खाली यायचं, एकाने कधीच नाही.

जखम झाली तर?

रक्त थांबवणं पहिलं. स्वच्छ कापड, जोरात दाब, आणि तो सारखा उचलून बघायचा नाही. रक्त आटोक्यात आलं की जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, कारण अस्वलाच्या चाव्यानंतर रेबीजचा विचार करावाच लागतो. लस आणि जखमेत देतात ते इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही लागतात. जवळचं रुग्णालय बंजारला, मोठं कुलूला. रेंज मिळाली की १०८ किंवा ११२. धनुर्वाताचं इंजेक्शन पूर्वी कधी घेतलं ते आठवत नसेल, तर ठाण्यातच घेऊन निघा.

घरी काय सांगून निघू?

एक कागद फ्रिजवर लावा. त्यावर रोजचा मुक्काम, गाइडचा नंबर, उद्यानाच्या कार्यालयाचा नंबर, तुमचा रक्तगट आणि एक तारीख. त्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तरच शोधाशोध करायची, त्याआधी नाही. ही तारीख परतीच्या दिवसाच्या एक दिवस नंतरची लिहा, डोंगरात एखादा दिवस इकडेतिकडे होतोच. आईला अस्वलाचं सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या आईने हे सगळं वाचून फक्त एवढंच विचारलं की मग लाडू कशाला करायला सांगितलेस. लाडू गाडीसाठी आहेत, दिल्लीपर्यंत संपायला हवेत.